जुन्या लहान ट्रॅक्टरचा हायड्रोस्टॅटिक गिअर बिघडल्यास
(काल्हेर, ता. भिवंडी येथील भाषणावरून)



काल्हेरच्या आसपास आता शेतापेक्षा गोदामे जास्त दिसतात. उरलेल्या भातखाचरांसाठी मोठा ट्रॅक्टर परवडत नाही, म्हणून जुने लहान यंत्र घेण्याकडे ओढा असतो. आपल्याकडील बहुतेक लहान ट्रॅक्टर दातेरी गिअरचे असतात. मात्र बाहेरदेशातून आलेली काही जुनी यंत्रे आणि भातकापणीची काही यंत्रे हायड्रोस्टॅटिक पद्धतीची असतात. अमेरिकेत इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीने १९६७ साली असे ट्रॅक्टर बाजारात आणले होते.

यात इंजिन एक पंप फिरवते. पंपाचे तेल दाबाने मोटारीत जाते आणि मोटार चाके फिरवते. पेडल दाबले की पंपातील तबकडी झुकते. जितकी ती जास्त झुकेल तितके जास्त तेल जाते व वेग वाढतो. उलट बाजूला झुकली की यंत्र मागे जाते. शिवाय एक लहान भरण पंप मुख्य पंपाला सतत तेल पुरवतो.

ऐन चिखलणीत ट्रॅक्टर थांबला की "पंप गेला, नवा टाका" असा सल्ला मिळतो. पंप महाग असतो. म्हणून घाई न करता पुढील क्रमाने तपासणी करावी.

१) तेलाची पातळी व रंग पाहावा. तेल दुधाळ असेल तर पाणी शिरले आहे. फेस येत असेल तर शोषण नळीतून हवा ओढली जात असावी.

२) फिल्टर बदलावा. तो तुंबला तर भरण पंपाला तेल मिळत नाही, कुई-कुई आवाज येतो व ओढ कमी होते.

३) पेडलचे दांडे, पिना आणि इंजिनपासून पंपापर्यंतचा शाफ्ट किंवा पट्टा पाहावा.

४) ओढून नेण्यासाठी असलेली बायपासची कळ उघडी राहिली असल्यास यंत्र हलत नाही.

थंड असताना ट्रॅक्टर चांगला ओढतो, पण तासाभराने चढावर थांबतो, असे असेल तर आतील झीज समजावी. गरम तेल पातळ होऊन झिजलेल्या पृष्ठभागांतून परत गळते. जुना फिल्टर कापून पाहावा. पितळी चमक असलेला चुरा सापडला तर यंत्र ताबडतोब बंद करावे. भरण दाब गेज लावून पुस्तिकेतील आकड्याशी पडताळून घ्यावा. हे काम जाणकार फिटरकडूनच करून घ्यावे.

पंप उघडल्यास आतील सपाट भाग पॉलिश कागदाने घासू नयेत. सील नवे घालावेत. टाकी, नळ्या व कूलर धुतल्याशिवाय नवा पंप बसवू नये. जुना चुरा नव्या पंपाचाही घात करतो. तेल पुस्तिकेत सांगितलेलेच वापरावे.

तेल भरल्यावर चाके उचलून भक्कम स्टँडवर टेकवावीत, विटांवर नव्हे. चारही चाके ओढणारी असतील तर पुढची ओढ सोडवावी. इंजिन मंद ठेवून पेडल हळूहळू पुढे-मागे करावे, म्हणजे हवा निघते. नंतर पातळी पुन्हा पाहावी. गळती हाताने चाचपू नये. दाबाचे तेल कातडीत शिरते व त्यावर तातडीने डॉक्टरांकडे जावे लागते.

बंद पडलेला ट्रॅक्टर बायपास न उघडता ओढू नये. भरण पंप बंद असताना चाके फिरली तर आतील भाग कोरडे घासले जातात.

जुना ट्रॅक्टर विकत घेताना सकाळी थंड इंजिनावर दाखवलेली चाल पाहून विसार देऊ नये. तास-दीड तास भार देऊन चालवावा, गरम झाल्यावर चढावर न्यावा आणि सुटे भाग कोठे मिळतात ते आधी विचारावे. भाग मिळत नसल्यास स्वस्त यंत्रही महाग पडते.

ही सर्व तपासणी मे महिन्यातच उरकावी. मृगाचा पाऊस सुरू झाल्यावर फिटर मिळत नाही आणि लावणी थांबत नाही.