घरातील शिवणकाम आणि लपवलेल्या जखमा

(हीरक महोत्सवी वर्षातील माता-पालक मेळाव्यात, हस्तकला प्रदर्शनाच्या उद्घाटनप्रसंगी मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



हस्तकला प्रदर्शनाचे उद्घाटन करताना मुख्याध्यापिकेने कलेच्या महतीवर चार शब्द बोलावेत, असा प्रघात आहे. बडोद्यात तर तो विषय सोपाच आहे. महाराजा सयाजीराव गायकवाडांनी १८९० मध्ये येथे कलाभवन सुरू केले, हाताच्या कौशल्याला शिक्षणात मानाचे स्थान दिले, एवढे सांगून मला खाली बसता आले असते. आज मात्र मी वेगळ्या विषयावर बोलणार आहे. शिवताना सुई बोटात शिरते, कात्री लागते, इस्त्रीचा चटका बसतो, तेव्हा आपण काय करतो आणि काय करीत नाही, हा तो विषय.

विषय ऐकून समोर काही जणी हसल्या, ते मला दिसले. आपल्यापैकी सुई टोचली नाही अशी कोण आहे? बोट तोंडात घालायचे, रक्त चोखायचे आणि पुढचा टाका घालायचा, हीच आपली रीत. स्वयंपाकघरात हात भाजला तर निदान ‘भाजले’ म्हणून आपण ओरडतो. शिवताना झालेली जखम सांगण्याच्या योग्यतेचीसुद्धा आपण मानीत नाही. या न सांगण्याचे मोल एका मुलीने दिलेले मी पाहिले आहे, आणि त्यात माझाही वाटा होता.

गोष्ट पंचवीस वर्षांपूर्वीची आहे. तेव्हा मी सहशिक्षिका होते. मराठी शिकवीत असे आणि माझ्याकडे आठवीचा कार्यानुभवाचा तासही होता. कार्यानुभव हा शब्द आपल्या शाळेच्याच वयाचा म्हणावा लागेल. १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने तो शालेय शिक्षणात रुजवला. मुलांनी हाताने काम करावे, श्रमाची लाज बाळगू नये, हा त्यामागचा उदात्त हेतू. मी त्या हेतूला वीस गुण जोडले आणि सोमवार ही अंतिम मुदत दिली. उशीचा अभ्रा शिवून आणायचा होता.

वर्गातील एका मुलीची आई सकाळ-संध्याकाळ लोकांकडे पोळ्या करायला जात असे. घरी आजीचे जुने शिवणयंत्र होते, त्याला नव्याने विजेची मोटर बसवलेली होती. रविवारी रात्री सगळे निजल्यावर ही मुलगी यंत्रावर बसली. शेवटचा कोपरा वळवताना डाव्या हाताची तर्जनी सुईखाली गेली. सुई नखातून आरपार जाऊन मोडली. जेवढी दिसली तेवढी तिने उपसून काढली, बोटाला चिंधी बांधली, अभ्र्यावरचा रक्ताचा डाग गार पाण्याने धुतला आणि सोमवारी अभ्रा माझ्या टेबलावर ठेवला. मी तिला वीसपैकी अठरा गुण दिले. कोपऱ्यातली टीप वाकडी गेली होती, म्हणून दोन कापले.

गुरुवारी ती तापाने फणफणली, तेव्हा तिच्या आईने चिंधी सोडून पाहिली. बोट सुजून काकडीसारखे झाले होते आणि सरळ करता येत नव्हते. एक्स-रेमध्ये सुईचे टोक हाडाजवळ अडकलेले दिसले. शस्त्रक्रिया झाली, पू काढला गेला, बोट वाचले. पण जंतुसंसर्ग स्नायुबंधाच्या आवरणापर्यंत पोचला होता. त्या बोटाचे शेवटचे पेर आजही वाकत नाही. मी भेटायला गेले तेव्हा तिची आई म्हणाली, “बाई, मला का नाही सांगितलंस म्हणून विचारलं, तर म्हणते, सुई नवीन होती, तू रागावली असतीस.” मीही तिला तेच विचारले. ती म्हणाली, “बाई, तुम्ही गुण कापाल असं वाटलं.” मी ते आधीच कापले होते, हे तिला आठवत नव्हते. मला आठवत होते.

त्यानंतर मी या विषयाची माहिती डॉक्टरांकडून आणि पुस्तकांतून मिळवत गेले. त्यातले जे खात्रीचे वाटले, ते आज आपल्यापुढे ठेवते.

हाताने शिवायच्या सुईचे नेढे मागच्या बाजूला असते. ती टोचली तर बहुधा टोकच आत जाते. यंत्राच्या सुईचे नेढे टोकाजवळ असते. एलियास हाउ या अमेरिकन कारागिराने १८४६ मध्ये ज्या यंत्राचे पेटंट घेतले, त्यात हीच युक्ती होती, आणि आजची घरगुती यंत्रेही त्याच तत्त्वावर चालतात. म्हणूनच यंत्राची सुई बोटात शिरते ती दोरा घेऊनच. दोऱ्याबरोबर कापडाचे तंतू आणि जंतू खोलवर जातात. वरून दिसते ते केवळ एक भोक, तेही लवकर मिटणारे. रक्त फारसे येत नाही, त्यामुळे आपण निश्चिंत होतो. कात्रीचा मोठा घाव भयंकर दिसतो, पण तो उघडा असतो, धुतला जातो. सुईचा घाव आत कोंडला जातो.

पायाने चालवायचे यंत्र पाय थांबला की थांबत असे. मोटर बसवली की यंत्र मिनिटाला शेकडो टाके घालते आणि दचकलेला पाय उलट पॅडल आणखी दाबतो. महात्मा गांधींनी १९२४ मध्ये यंत्रांविषयी बोलताना शिवणयंत्राचा अपवाद केला होता, कारण ते स्त्रीचे कष्ट हलके करण्याच्या प्रेमातून जन्मले, असे त्यांना वाटे. मलाही तसेच वाटते. तरी मोटर लावलेल्या यंत्रावर मुलीला एकटे बसवण्यापूर्वी तिला सुई ओवताना वीज बंद करायला आणि बोटे सुईपासून दूर ठेवून कापड सरकवायला आधी शिकवावे, एवढे म्हणते.

सुई बोटात अडकलीच तर प्रथम पाय पॅडलवरून उचलावा, बटण बंद करावे. सुई अखंड असेल तर बाजूचे चाक हाताने हळू फिरवून ती वर घ्यावी. बोट हिसडू नये. सुई मोडली असेल तर सगळे तुकडे गोळा करून जुळवून पाहावेत. टोक सापडले नाही, तर ते आत आहे असेच धरून चालावे. दुसऱ्या सुईने किंवा चिमट्याने उकरू नये. त्याने तुकडा आणखी खोल जातो. जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने धुवावी, स्वच्छ कापड बांधावे, बोटातली अंगठी सूज चढण्यापूर्वी काढावी आणि तुकड्यांसह दवाखाना गाठावा. पुढे बोट ठणकून रात्री झोप येईनाशी झाली, लाली वर चढू लागली, ताप आला, किंवा बोट सरळ करताना कळ येऊ लागली, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. आमच्या मुलीने चार रात्री वाट पाहिली.

कात्रीने कापले तर स्वच्छ कापडाने जखम घट्ट दाबून हात वर धरावा. हळद दाबण्याचा मोह होतो, मलाही होतो. पण डब्यातली हळद निर्जंतुक नसते आणि तिच्याखाली जखम किती खोल आहे, हे डॉक्टरांना दिसत नाही.

धनुर्वाताविषयी एक गैरसमज घरोघरी आहे. गंजलेली सुई टोचली तरच इंजेक्शन, चकचकीत सुईला नको. धनुर्वाताचा संबंध गंजाशी नाही. त्याचे जंतू मातीत, शेणात, धुळीत असतात आणि खोल, बंद जखमेत वाढतात. जमिनीवर पडलेली नवीकोरी सुईही तितकीच धोक्याची. मुलांना लहानपणीच्या लसींनंतर दहाव्या आणि सोळाव्या वर्षी पुन्हा लस दिली जाते. त्या नोंदी जपून ठेवा. आणि मातांनो, आपली शेवटची लस कधी झाली होती? बहुतेकींचे उत्तर ‘बाळंतपणात’ असे येते. मोठ्या माणसांनाही दर दहा वर्षांनी पुन्हा मात्रा घ्यायची असते.

आपल्या आज्या-पणज्यांनी या बाबतीत काही नियम घालून दिले होते. दिवेलागणीनंतर सुई-दोरा हातात घेऊ नये. अंगावरचा कपडा अंगावर असताना शिवू नये. रिकामी कात्री चालवू नये, घरात भांडणे होतात. लहानपणी मी यांना हसत असे. आता वाटते, कंदिलाच्या उजेडात सुई कुठे जाते ते दिसत नव्हते, अंगावरच्या कपड्याखाली अंग होते आणि रिकामी कात्री बहुधा लहान मुलाच्या हातात असे. कारण सांगत बसण्यापेक्षा धाक घालणे त्यांना सोपे वाटले असावे. आम्ही धाक टाकून दिला आणि त्याबरोबर सावधपणाही टाकला. विजेचा दिवा आला तशी रात्र शिवणाला मोकळी झाली.

नवरात्राच्या आधीचे आठ दिवस आपल्या गावात कोणत्याही गल्लीतून रात्री बारा वाजता जा, यंत्रांचा आवाज ऐकू येतो. चणिया-चोळीवर आभली लावायची असतात. आभले म्हणजे काच, आणि तिची कड धारदार असते. बोटाच्या शेंड्यांवर बारीक चिरा पडतात, त्यांत घाम जातो, आणि अष्टमीच्या आत माल द्यायचा म्हणून हात थांबत नाहीत. यातल्या कित्येक जणी नगावर पैसे मिळवणाऱ्या आहेत. त्यांना ‘रात्री शिवू नका’ असे सांगण्याचा अधिकार मला नाही. अंगुस्तान वापरा, आभल्याच्या कडा कोऱ्या पॉलिश कागदावर घासून घ्या, दिवा डोक्यावर न ठेवता बाजूला ठेवा, म्हणजे हाताची सावली कामावर पडणार नाही. एवढे मात्र सांगू शकते.

इतर गोष्टी थोडक्यात सांगते. इस्त्री किंवा गरम गोंदाच्या बंदुकीने भाजले तर वीस मिनिटे नळाचे पाणी सोडा. बर्फ नको, टूथपेस्ट नको, आणि कातडीला चिकटलेला गोंद ओढून काढणे तर नकोच. छोट्या नळीतून येणाऱ्या, क्षणात चिकटणाऱ्या द्रावणाने बोटे जुळली तर ताणू नका. कोमट साबणपाण्यात धरून हळूहळू सुटी करा. ते द्रावण सुती कापडावर सांडले तर कापड इतके तापते की त्याखालची त्वचा भाजते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. डोळ्यात गेले तर पाण्याने धुऊन तडक डॉक्टरांकडे.

टाचण्या ओठांत धरण्याची सवय आपल्याला मोठी सोयीची वाटते. एक ठसका लागला की टाचणी पोटात नाहीतर श्वासनलिकेत. आणि आई जे करते ते शेजारी बसलेले मूल करून पाहते. आकाशकंदिलात बसवायच्या छोट्या दिव्यांत गोल चपटे सेल असतात. मुलाने असा सेल गिळला तर तो अन्ननलिकेत अडकून दोन तासांतही आतून भाजू शकतो. केळे भरवत, ओकारी काढत वेळ घालवू नये. थेट मोठे रुग्णालय गाठावे.

जमिनीवर पडलेली सुई सर्वांत आधी सापडते ती घरातल्या आजींच्या पायाला. त्यांना मधुमेह असेल तर पायाची संवेदना कमी झालेली असते, आणि सुई टोचली हे त्यांनाच कळत नाही. म्हणून शिवायला बसताना सुया मोजाव्यात आणि उठताना पुन्हा मोजाव्यात. माझी आई काम संपल्यावर लोहचुंबक सतरंजीवरून फिरवत असे. आम्ही त्या चुंबकाने खेळायचो म्हणून ती वैतागायची, पण तो तिने शेवटपर्यंत शिवणाच्या डब्यातच ठेवला होता.

त्या वर्षानंतर आमच्या शाळेत शिवणकामाचा गृहपाठ बंद झाला. जे शिवायचे ते शाळेत, दिवसा, बाईंसमोर. तयार वस्तूला गुण नाहीत. काम कसे केले याला आहेत. यावर टीकाही झाली. प्रदर्शनातल्या वस्तू पूर्वीइतक्या सुबक नसतात, असे काही पालक म्हणतात. ते खरे आहे. आज दालनात पाहाल तर वाकड्या टिपा पुष्कळ दिसतील. पूर्वीच्या सुबक वस्तूंपैकी किती आयांनी आणि शेजारच्या दर्ज्यांनी शिवल्या होत्या, ते आपणही जाणता आणि मीही.

दुसरे आम्ही केले ते असे. कार्यानुभवाच्या वर्गात एक वही ठेवली. शाळेत वा घरी काम करताना काही लागले, तर मुलींनी आणि मुलांनी ते त्यात लिहायचे. रागवायचे नाही, मोडलेल्या सुईचे पैसे मागायचे नाहीत, हा नियम बाईंना. पहिले वर्षभर वही जवळजवळ कोरी राहिली. मग एका मुलाने ‘पतंगाची काडी सोलताना ब्लेड लागले’ असे लिहिले आणि हळूहळू पाने भरू लागली. वाचताना लक्षात येते की बहुतेक नोंदी रात्रीच्या आहेत आणि घाईच्या दिवसांतल्या आहेत. काही नोंदी स्वतःच्या नाहीत. ‘आईला लागले, तिने कोणाला सांगितले नाही’ अशा आहेत.

जिची गोष्ट मी सांगितली, तिची परवानगी घेऊनच सांगितली. नाव घेऊ नये, एवढीच तिची अट होती. ती याच गावात स्वतःचे शिवणाचे काम करते, न वाकणाऱ्या बोटाने कापड सरकवते, आणि तिची मुलगी आपल्या शाळेत आहे. तो अभ्रा तिने जपून ठेवला आहे. प्रदर्शनासाठी मी मागितला, पण तिने दिला नाही.

दालनाच्या दाराशी डाव्या हाताच्या टेबलावर ती वही आज मुद्दाम ठेवली आहे. मागची काही पाने मातांसाठी कोरी सोडली आहेत. प्रदर्शन पाच वाजेपर्यंत खुले आहे. जाताना ज्यांना लिहावेसे वाटेल त्यांनी लिहावे. नाव लिहिले नाही तरी चालेल. तारीख मात्र लिहा, आणि इंजेक्शन घेतले की नाही तेही लिहा.