शेवट ओलांडणारे पाऊल



संकेतस्थळ आणि वाचक यांच्यामध्ये पुष्कळदा एक मध्यस्थ सर्व्हर उभा असतो. अनेक स्थळांची ये-जा त्याच्या एकाच स्मृतीतून होते. क्लाउडफ्लेअर ही अमेरिकन कंपनी असलेच काम करते. पानाची छाननी करणारा तिचा प्रोग्राम एकेक अक्षर वाचीत पुढे सरके आणि शेवट आला की नाही ते पाही. कसोटी मात्र ‘नेमके शेवटावर’ एवढीच होती. ‘शेवटावर किंवा त्यापलीकडे’ अशी नव्हती. पानाच्या अखेरीस एखादा टॅग अर्धवट तुटलेला असला, की पाऊल शेवट ओलांडून पडे. मग तो थांबेना, आणि शेजारच्या स्मृतीतील परक्यांचे खाजगी निरोपसुद्धा भलत्याच पानात उतरत.

फेब्रुवारी २०१७ मध्ये गूगलचे संशोधक टॅव्हिस ऑर्मंडी यांनी हे हेरले. काही तासांत गळती थांबली. परंतु शोधयंत्रांनी साठवलेली पाने हुडकून पुसावी लागली.

ज्यांचे निरोप उघडे पडले, त्यांतल्या कित्येकांनी या मध्यस्थाचे नावही ऐकले नसेल. आपले पत्र कोणाच्या हातून जाते, हे विचारण्याचा हक्क पत्र लिहिणाऱ्याला आहे, एवढेच माझे सांगणे.