हॉटेल लहान, तयारी मोठी

रिसोड तालुक्यातल्या केनवडसारख्या गावात चहा-नाश्त्याच्या हॉटेलावर अख्ख्या घराचा संसार चालतो. त्यावर पाणी फिरलं, तर काय होतं हे चिपळूणनं 22 जुलै 2021 रोजी पाहिलं. बाजारपेठेतली दुकानं, हॉटेलं पुरात बुडाली. नंतर सरकारनं दुकानदारांना कमाल पन्नास हजार, टपरीधारकांना दहा हजार रुपये मदत जाहीर केली; पण आधार होता पंचनाम्याचा.

म्हणून आधीच तयारी ठेवा. अन्न नोंदणी, उद्यम नोंदणी, भाडेकरार, मालाची बिलं यांचे फोटो मोबाईलमध्ये आणि एक प्रत नातेवाइकाकडे असू द्या. लहान उद्योगांसाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ विमा आहे, चौकशी करा. पीठ, साखर, फ्रीज जमिनीपासून उंच ठेवा. गॅसचा वास आला तर रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, विजेचं बटण दाबू नका आणि 1906 वर फोन करा. विजांच्या इशाऱ्यासाठी ‘दामिनी’ ॲप ठेवा.

आपत्ती ओसरली की आवराआवरीआधी फोटो काढा, तलाठ्याला आणि विमा कंपनीला कळवा. पुराचं पाणी लागलेलं धान्य, मसाले, तेल फेकूनच द्या. वायरिंग तपासल्याशिवाय वीज सुरू करू नका. पिण्याचं पाणी उकळून वापरा.

गिऱ्हाईक विश्वासानं आपल्याकडे जेवतं. त्या विश्वासासाठी आजच ही तयारी सुरू करा.