घरातील साशंक जन आणि आपले कर्तव्य

(महोत्सवानिमित्त धर्मग्रामातील कुटुंबांपुढे केलेले भाषण)



महोत्सवाचा प्रसंग हा कृतज्ञतेचा असतो. या मंदिरात किती बालकांचे स्नानसंस्कार झाले, किती विवाह लागले, किती जणांस येथूनच अखेरचा निरोप मिळाला, याचे स्मरण करून आपण परमेश्वराचे उपकार मानतो, ते योग्यच होय. परंतु या आनंदात एक दुःख असे आहे की, त्याचा उच्चार सहसा कोणी करीत नाही. येथेच ज्याचा स्नानसंस्कार झाला, तो मुलगा आज मिस्सेला येत नाही. सायंकाळी घरची मंडळी जपमाळेस गुडघे टेकतात तेव्हा तो उठून ओट्यावर जातो, आणि ‘देव आहे कशावरून?’ असे विचारतो. कोठे मुलगी, कोठे पती, कोठे सख्खा भाऊ. अशा घरातील माता मंदिरात येते ती मान खाली घालून, जणू सर्व दोष तिचाच! तिच्यासाठी आज दोन शब्द बोलण्याचे मी योजिले आहे.

प्रथम हे ध्यानात धरावे की, हे दुःख ख्रिस्तसभेस नवीन नाही. खुद्द प्रभू येशूच्या भाऊबंदांनी प्रारंभी त्याच्यावर विश्वास ठेविला नव्हता, असे संत योहानाच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात नमूद आहे.

आता संत मोनिकेचे चरित्र पाहा. आजच्या अल्जेरिया देशात, त्या काळी तागास्ते म्हटल्या जाणाऱ्या गावी ती राहत असे. पती ख्रिस्ती नव्हता व स्वभावाने तापट होता. इ. स. ३५४ मध्ये जन्मलेला तिचा बुद्धिमान पुत्र ऑगस्टीन तरुणपणी मानी नामक पुरुषाच्या पंथास लागला आणि सुमारे नऊ वर्षे त्यातच राहिला. मातेस इतका संताप आला की, तिने त्यास आपल्या घरी व पंक्तीस घेण्याचे नाकारिले. पुढे तिला स्वप्न पडले. आपण एका लाकडी पट्टीवर रडत उभ्या आहोत आणि आपला पुत्रही त्याच पट्टीवर शेजारी उभा आहे, असे तिने पाहिले. तेव्हापासून तिने त्यास पुन्हा पंक्तीस घेतले. त्याचे मत पालटले नव्हते. परंतु मातेचे दार उघडले होते.

पुत्राशी वाद करावा म्हणून तिने एका महागुरूंस गळ घातली. ते स्वतः बालपणी त्याच पंथात वाढलेले होते. त्यांनी वाद करण्याचे नाकारिले. तो अद्याप ऐकण्याच्या मनःस्थितीत नाही, वाचता वाचता त्याची चूक त्यासच उमगेल, तू प्रार्थना कर, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता. किती शहाणपणाचा हा सल्ला! आपण मात्र जेवणाच्या पाटावर वाद मांडतो, टोमणे मारतो, शेजाऱ्याच्या भाविक मुलाचा दाखला देतो, आणि मग घास व श्रद्धा दोन्ही त्याला कडू लागतात.

इ. स. ३८३ मध्ये ऑगस्टीन मातेस फसवून कार्थेज बंदरातून रात्री रोमला निघून गेला. त्याने जाऊ नये म्हणून ती त्याच रात्री प्रार्थना करीत होती! त्या रात्रीचे मागणे परमेश्वराने दिले नाही. परंतु जन्मभराचे मागणे देण्याची वाट त्याच प्रवासातून काढिली. इटलीत मिलान नगरी संत अँब्रोज यांची प्रवचने त्याच्या कानी पडली, आणि ३८७ च्या पुनरुत्थान सणाच्या रात्री त्यांच्याच हस्ते त्याचा स्नानसंस्कार झाला. त्याच वर्षी, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी, मोनिका देवाघरी गेली. पती तर पूर्वीच, तिचे वर्तन पाहून, आयुष्याच्या अखेरीस ख्रिस्ती झाला होता.

मातांनो, मोनिकेला हे फळ डोळ्यांनी पाहावयास मिळाले. प्रत्येक मातेला ते मिळेलच, असे वचन मी देऊ शकत नाही. श्रद्धा ही देणगी आहे आणि ती स्वीकारणारे मन स्वतंत्र आहे. श्रद्धेच्या बाबतीत कोणावरही बळजबरी करू नये, असे दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ साली निक्षून सांगितले. त्याच वर्षी तिने हेही शिकविले की, नास्तिकपणा वाढण्यास कधीकधी श्रद्धावंतांचे सदोष आचरणही कारण होते. तेव्हा मुलाच्या शंकेची चौकशी करण्याआधी आपण आपल्या आचरणाची चौकशी करावी. रविवारी वेदीपुढे हात जोडणारा बाप सोमवारी बांधावरून सख्ख्या भावाशी भांडत असेल, तर मुलाने कोणते शुभवर्तमान वाचावे?

म्हणून तीन गोष्टी करा. त्याच्या प्रश्नास रागाने उत्तर देऊ नका. उत्तर ठाऊक नसल्यास तसे सरळ सांगा व धर्मगुरूंकडे या. त्याच्याशी देवाविषयी थोडे बोला, देवाशी त्याच्याविषयी पुष्कळ बोला. आणि त्याचे ताट कधीही उचलू नका.

आणि जे साशंक असूनही केवळ आईच्या शब्दाखातर आज येथे मागच्या बाकावर बसले आहेत, त्यांना मी एवढेच म्हणतो: बाळांनो, प्रेषित थॉमसलाही संशय आला होता, तरी तो बाकीच्यांना सोडून गेला नाही, म्हणूनच आठ दिवसांनी प्रभू आला तेव्हा तो घरातच सापडला. तुमचे प्रश्न घेऊन या. हे घर तुमचेच आहे.

परमेश्वर आपणा सर्वांच्या कुटुंबांचे रक्षण करो. आमेन.