जुन्या मोटारीचा कस



वसंत व्याख्यानमालेत संतवाङ्मय, इतिहास, अर्थकारण असले विषय ऐकण्याची आपणांस सवय आहे. त्या पंगतीत एका जुन्या मोटारीला पाट मांडावयाचा म्हणजे जरा धाडसच. परंतु हा विषय आम्ही शोधून काढलेला नाही. तो घरी चालून आला. जळगावचे आमचे एक स्नेही गेल्या हिवाळ्यात एक जाहिरात घेऊन आले. १९६० नंतरच्या दशकातली एक अमेरिकन मोटार, ज्यांना तिकडे ‘मसल कार’ म्हणतात त्या जातीची, नव्यासारखी करून विकावयास काढलेली होती. सोबत बारा छायाचित्रे होती. त्यांपैकी अकरा रंगाची आणि एक इंजिनाचे. स्नेह्यांनी विचारले, “घ्यावी का?” आम्ही उलट तीन प्रश्न केले: हिच्यात बदलले काय? बदलले कोणी? आणि त्याचे कागद कोठे आहेत? जाहिरातीत तिन्हींचे उत्तर नव्हते. आजचे आमचे सारे बोलणे या तीन प्रश्नांभोवतीच आहे.

प्रथम ही पहिलवानी मोटार म्हणजे काय ते पाहू. अमेरिकेतील जनरल मोटर्सचा असा नियम होता की, मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घनइंचांहून मोठे इंजिन घालू नये. १९६४ सालासाठी त्यांच्याच पाँटिअ‍ॅक शाखेतील अभियंत्यांनी या नियमातून पळवाट काढली. मोठे इंजिन गाडीचे म्हणून न देता, गिऱ्हाइकाने मागितल्यास मिळणारा जादा सरंजाम म्हणून त्यांनी ते देऊ केले. ते इंजिन ३८९ घनइंचांचे, म्हणजे जवळजवळ ६.४ लिटरचे, आठ सिलिंडरचे होते. आपल्या रस्त्यांवरची फियाट १.१ लिटरची होती, हे लक्षात घेतले म्हणजे प्रमाण कळते. या गाडीचे नाव जी.टी.ओ. पहिल्याच वर्षी अशा ३२ हजारांवर गाड्या खपल्या. मग फोर्ड, डॉज, प्लिमथ, शेव्हरोले, सारेच या आखाड्यात उतरले. दहा वर्षांच्या आत मात्र ही कुस्ती संपली. विम्याचे दर चढले, १९७० साली हवा शुद्ध राखण्याचा कायदा कडक झाला आणि १९७३ साली अरब राष्ट्रांनी तेल रोखले. थोडे दिवस जगलेल्या वस्तूचे मोल मागाहून वाढते, तसे या गाड्यांचे झाले.

आता आपण म्हणाल, याचा खानदेशाशी संबंध काय? पहिलवानी गाडीशी फारसा नाही, हे खरे. परंतु डॉज, प्लिमथ, शेव्हरोले ही नावे आपल्या वडीलधाऱ्यांना परकी नव्हती. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडीला सुटे भाग जोडून मोटारी तयार करण्याचा कारखाना काढला. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली आणि क्रायस्लर कंपनीशी करार करून १९४७ पासून कुर्ल्याहून डॉज, प्लिमथ, डिसोटो गाड्या बाहेर पडू लागल्या. एस.टी.च्या आरंभीच्या ताफ्यातही बेडफर्ड, लेलँड यांच्याबरोबर शेव्हरोले आणि स्टुडबेकर होत्या. पुढे १९५३ साली टॅरिफ कमिशनने असे सुचविले की, ज्यांना येथे भाग बनवावयाचे नाहीत, नुसते जोडावयाचे आहेत, त्यांनी धंदा आवरावा. जनरल मोटर्स १९५४ साली गेली. फोर्डही त्याच सुमारास गेली. गाड्या मात्र येथेच राहिल्या.

सुट्या भागांचा ओघ आटला आणि गाडी तर चालली पाहिजे. तेव्हा ती चालविली आपल्या मिस्त्रींनी. धुळ्याला आग्रा रोड आणि सुरत-नागपूर रस्ता एकमेकांना छेदतात. त्या चौफुलीच्या आसपास आणि जळगावच्या बाजूस कित्येक मिस्त्री ट्रकांवर हात बसवून तयार झाले. न मिळणारा भाग लेथवर कातावयाचा, एका गाडीचे दुसरीला बसवावयाचे, पेट्रोल महागले की मोठे इंजिन उतरवून डिझेलचे चढवावयाचे, अशा रीतीने या गाड्या तीस-तीस, चाळीस-चाळीस वर्षे धावल्या. म्हणजे जी गाडी जगली, ती बदलूनच जगली. आणि आज जाहिरातीत लिहितात, “संपूर्ण मूळ स्वरूपात”! येथेच गोम आहे.

आमच्या घरी अशी एक डॉज किंग्सवे होती. सहा सिलिंडरची, कुर्ल्यात जोडलेली. वडिलांचा कापसाचा व्यवहार; अमळनेर, चाळीसगाव, धुळे अशी त्यांची पायपीट त्या गाडीनेच वाचविली. एका उन्हाळ्यात तिच्या इंजिनच्या ब्लॉकला, पाणी खेळते त्या बाजूस, वीतभर भेग पडली. नवा ब्लॉक मिळणे अशक्य होते. जळगावच्या एका मिस्त्रींनी त्या भेगेवर ओळीने भोके पाडली, प्रत्येकात आटे पाडून पितळेचे खिळे पिळून बसविले, प्रत्येक खिळा शेजारच्या खिळ्याच्या अंगात थोडा शिरेल असा, आणि वरून कानशीने सपाट केले. आठ दिवस ते काम चालले होते. पुढे पाच वर्षे पाण्याचा थेंब गळला नाही. काम संपल्यावर मिस्त्रींनी वडिलांना एकच गोष्ट बजावली होती: “आबा, इंजिन तापलं तर ते आपसूक थंड होऊ द्या. तापल्या इंजिनात गार पाणी ओतू नका. हा सांधा ते सोसणार नाही.”

१९७३ नंतर पेट्रोल परवडेनासे झाले. १९७४ साली वडिलांनी गाडी विकण्याचे आमच्यावर सोपविले. आम्ही तेव्हा तरुण होतो आणि स्वतःस हुशार समजत होतो. गाडीला नवा रंग दिला, बैठकींना नवी कापडे चढविली, इंजिनवरही रुपेरी रंग मारला. त्या रंगाखाली पितळेचे खिळे दिसेनासे झाले. धुळ्याचे एक गृहस्थ आले, रंग पाहून खूश झाले. भेगेविषयी आम्ही बोललो नाही. आणि भेगेविषयी बोलावयाचे नाही, म्हणून गार पाण्याविषयीही बोललो नाही.

त्याच वैशाखात पारोळ्याच्या अलीकडे गाडी तापली. त्या भल्या गृहस्थांनी जवळच्या विहिरीवरून बादलीभर पाणी आणविले आणि रेडिएटरमध्ये ओतले. सांधा उघडला आणि भेग खालपर्यंत गेली. गाडी पुढे मोडीत निघाली. ते गृहस्थ आमच्याशी भांडावयासही आले नाहीत, हे त्यांचे मोठेपण. मिस्त्रींना मात्र कळले. त्यांनी आम्हांस बोलावून घेतले आणि म्हणाले, “भाऊ, दोन पैसे जास्त यावे म्हणून भेग लपवली, ते मी समजलो. पण माझं काम का लपवलं? त्या गाडीत सगळ्यात चांगलं तेवढंच होतं.”

हे वाक्य आम्ही पन्नास वर्षे बरोबर वागवीत आहो. दुरुस्ती लपविली म्हणजे गिऱ्हाईक फसते, एवढेच आम्हांस ठाऊक होते. दुरुस्ती लपविली म्हणजे कारागिराची चोरी होते आणि वस्तूही जिवानिशी जाते, हे त्या दिवशी कळले.

म्हणून आता त्या स्नेह्यांस आम्ही काय सांगितले ते ऐका. जळगावचा मनुष्य सोने कसे घेतो? झळाळीवर भुलत नाही. सराफ दागिना कसोटीवर घासतो, डाक किती धरावयाची ते उघड सांगतो, मग भाव ठरतो. डाक आहे म्हणून कोणी दागिना फेकून देत नाही. ती सांगितली नाही तर मात्र तो सराफ पेढीवरून उठतो. मोटारीचेही तसेच आहे. कापडात गुंडाळलेला लोहचुंबक दारांच्या खालच्या कडांवरून फिरवा. जेथे तो धरत नाही तेथे पत्रा नसून पुट्टी आहे. पायाखालची चटई उचला आणि डिकीतले चाक काढून खालचा तळ पाहा. गंज तेथे राहतो. चासीवरचा आणि इंजिनवरचा नंबर नोंदणीच्या पुस्तकाशी ताडून पाहा. गाडी थंड असताना सुरू करावयास सांगा. आधीच तापवून ठेवलेली गाडी पुष्कळ दोष झाकते.

एवढ्यानेही भागत नाही. जी.टी.ओ.चीच गोष्ट घ्या. १९६४ आणि १९६५ साली ती स्वतंत्र गाडी नव्हती, जादा सरंजाम घातलेली साधी गाडी होती. १९६६ साली तिला स्वतंत्र मॉडेलचा मान मिळाला. त्यामुळे पहिल्या दोन वर्षांच्या गाडीवरील नंबर पाहून ती खरी जी.टी.ओ. की मागाहून चिन्हे डकवलेली साधी गाडी, हे सांगता येत नाही. ते सांगतो कारखान्याच्या मूळ बिलाचा कागद. लोखंड खोटे बोलू शकते. तेथे शेवटचा शब्द कागदाचा असतो.

हे धुळेकरांस आम्ही सांगावे, असे नाही. इतिहासाचार्य राजवाडे यांनी ३१ डिसेंबर १९२६ रोजी याच धुळ्यात देह ठेवला. मराठ्यांच्या इतिहासाची साधने बावीस खंडांत छापून त्यांनी आपणांस एकच धडा दिला: अस्सल कागद दाखवा, मग बोला. त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ आपल्या गावी आहे. जो गाव दोनशे वर्षांमागच्या पत्राचा अस्सलपणा तपासतो, त्याने साठ वर्षांच्या मोटारीचे कागद न पाहता पैसे मोजावे, हे शोभत नाही.

कायदाही आता याच वाटेने आला आहे. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात जतन केलेली आणि मोठे फेरबदल न झालेली मोटार ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदविता येते. नंबरात ‘व्ही.ए.’ ही अक्षरे येतात, नोंदणीची फी वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षे. तिने रोज बाजारहाट करावयाचा नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणे, दुरुस्ती एवढ्यापुरतेच रस्त्यावर यावयाचे. अमेरिकेहून आलेल्या गाडीचे चाक डाव्या हाताला असेल, तर इशारा देणारी यंत्रणा चालू स्थितीत असणे कायद्याने आवश्यक आहे.

आणखी दोन गोष्टी विकणाऱ्याने आपण होऊन सांगाव्यात. पहिली, पेट्रोल. त्या काळची इंजिने शिसेयुक्त पेट्रोलवर बेतलेली. ते आपल्याकडे २००० साली बंद झाले. तेव्हा व्हॉल्व्हच्या बैठका कठीण धातूच्या बसविल्या आहेत काय? २०२५ पासून तर पंपावरच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. जुन्या रबरी नळ्या ते खाते आणि उभ्या गाडीच्या टाकीत पाणी धरते. नळ्या बदलल्या काय? दुसरी, आपला उन्हाळा. पारा पंचेचाळिसावर गेला म्हणजे जुन्या गाडीच्या नळीतच पेट्रोलची वाफ होते आणि गाडी भर रस्त्यात बसते. त्यावर काय उपाय केला? असे बदल केले असतील तर ते दोष नव्हेत, शहाणपण आहे. फक्त ते लिहिलेले असावेत.

आमचे मागणे एवढेच आहे. ज्यांच्या घरी जुनी मोटार असेल, मग ती अमेरिकन डॉज असो वा आपली अँबॅसिडर, त्यांनी एक वही घालावी. कोणता भाग केव्हा बदलला, कोणता मूळचा, कोणता कातून बसविला, कोणत्या मिस्त्रींनी, आणि त्यांनी काय बजावले, हे तारखेसह लिहावे. गाडी विकताना वही किल्लीबरोबर द्यावी. हीच गोष्ट शेतातल्या इंजिनाची, गिरणीतल्या यंत्राची. ज्या मिस्त्रींनी खानदेशची चाके फिरती ठेवली, त्यांच्यावर कोणी ग्रंथ लिहिला नाही; निदान वहीत त्यांचे नाव राहील.

आमच्या मिस्त्रींचे नाव घरच्यांस विचारल्यावाचून या व्यासपीठावरून घेणे आम्हांस बरे वाटत नाही. ते त्या गाडीच्या कागदांत असावयास हवे होते, आणि आमच्यामुळे ते नाही.

त्या स्नेह्यांनी जाहिरातवाल्यास पत्र लिहून आमचे तीन प्रश्न विचारले. उत्तरादाखल आणखी चार छायाचित्रे आली, चारही रंगाची. त्यांनी गाडी घेतली नाही.