चिल्लरीतील नाणे : चूक कोणती, इजा कोणती?



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. व्याख्यान देण्याचा माझा अधिकार नव्हे. पण पदरचे दीड हजार रुपये घालवून जे शिकले, ते तुम्हांला फुकट सांगावे, एवढ्यासाठी उभी राहिले आहे.

दुधाच्या पैशांच्या डब्यात मला रुपयाचे एक नाणे सापडले. सिंहांवरून आडवी रेघ गेलेली. टांकसाळीत चुकलेल्या नाण्याला लाख रुपये मिळतात, असे मोबाइलवर वाचले होते. मुलीची फी भरायची होती. जाहिरातवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "ताई, आधी नोंदणीचे दीड हजार पाठवा." मी यजमानांना न सांगता पाठवले. पुढे तो फोन लागलाच नाही.

मग नाणी जमवणाऱ्या ओळखीच्या एका आजोबांनी मला त्या रेघेवरून नख फिरवायला सांगितले. नख आत अडकले. ते म्हणाले, "बाई, हा नुसता ओरखडा." त्यांनी पुढे समजावले ते सारे आपल्या स्वयंपाकघरातलेच निघाले.

मोदकाच्या साच्याला चीर पडली, तर मोदकावर रेघ उठते ती उंच. नाण्याच्या ठशाला तडा गेला, तरी तसेच होते. म्हणून उंच रेघ बहुधा टांकसाळीची, खोल रेघ बहुधा वापरातली.

मोठी पोळी लाटून वाटीने पुऱ्या पाडताना वाटी आधीच्या भोकावर सरकली, की पुरीला कोर पडते. पत्र्यातून चकत्या पाडतानाही असे घडते. तशा नाण्याची कोरीच्या समोरची कडही बहुधा पुसट असते. कानशीने घासलेल्या नाण्याची समोरची कड मात्र ठसठशीत राहते. ठशाखाली चकती सरकली, तर छाप एका अंगाला जाऊन दुसरीकडे कोरी जागा उरते. पण छाप मधोमध असून अक्षरे चेपलेली दिसली, तर तो हातोड्याचा किंवा चाकाचा प्रताप समजावा.

वर्षाच्या आकड्याखालची खूण ही चूक नव्हे. ठिपका नोएडाचा, चौकट मुंबईची, चांदणी हैदराबादची. कोलकात्याची खूणच नसते. दहा रुपयांची नाणीही निरनिराळ्या नक्षीची आहेत. ती चौदाही चालतात, असे रिझर्व्ह बँकेने २०१८ साली सांगितले आहे. तेव्हा भाजीवालीने दिलेले नाणे उगाच परत करू नका.

जुनी नाणी विकून देतो म्हणून बँकेच्या नावाने शुल्क मागणाऱ्यांपासून सावध राहा, असेही तिने ऑगस्ट २०२१ मध्ये बजावले होते. नाणे विकत घेणारा आपल्याला पैसे देतो. आपल्याकडे मागत नाही. एवढी साधी गोष्ट मला फीच्या काळजीत सुचली नाही.

शेवटी मी यजमानांना सांगितले. पैसे गेल्यापेक्षा मी लपवले, याचेच त्यांना अधिक वाईट वाटले. म्हणून विनंती एकच : असा मोह झाला, तर पैसे पाठवण्याआधी घरात बोला.

तो रुपया दुसऱ्या दिवशी दूधवाल्याला दिला. त्याने तो रुपया म्हणूनच घेतला.