बिलाविना घेतलेला कूलर

नागपुरात कूलर ही चैनीची वस्तू नव्हे. मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. पत्र्याच्या छपराखाली राहणाऱ्या श्रमिकाची रात्रीची झोप बुडाली, तर दुसऱ्या दिवसाची मजुरीही हातची जाते. म्हणून तो उसनवारी करून कूलर घेतो. आठवड्यात मोटर जळते. दुकानदार शांतपणे सांगतो, ‘‘गॅरंटी मोटरची नव्हती.’’

पाठ्यपुस्तकातील ग्राहक सर्वज्ञ असतो. प्रत्यक्षातल्या ग्राहकाला मोटरीचे वाइंडिंग तांब्याचे की ॲल्युमिनियमचे, हे बाहेरून दिसत नाही. विकणाऱ्याला ते ठाऊक असू शकते. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली ही विषमता जुन्या मोटारींच्या उदाहरणाने मांडली. २००१ साली ते नोबेलचे एक मानकरी ठरले. आमच्या आठवडी बाजारातल्या कोणत्याही गृहिणीला ती आधीच माहीत होती, हा भाग वेगळा!

१९३० च्या मालविक्री कायद्याने, काही अपवाद वगळता, सावध राहण्याचे ओझे ग्राहकावरच टाकले होते. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने त्याला स्वतंत्र न्यायपीठ दिले. त्याची जागा घेणारा २०१९ चा कायदा २०२० च्या जुलैत अमलात आला. आता ग्राहक स्वतःच्या जिल्ह्यात दोन वर्षांच्या आत तक्रार करू शकतो, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारशुल्क नाही.

गल्लीत जोडलेल्या कूलरवर निर्मात्याचे नावच नसते. अशा कूलरच्या पत्र्यात वीज उतरून कोणी दगावला, तर? निर्माता अज्ञात असल्यास भरपाईचे दायित्व विक्रेत्यावर येते, असे हा कायदा म्हणतो. नुसती मोटर जळली, तर सदोष मालाची साधी तक्रार पुरे.

परंतु खरेदी सिद्ध कशाने करायची? ‘‘पक्के बिल हवे तर जीएसटी वेगळा,’’ ही धमकी परिचयाची आहे. बिल न देणे हीच अनुचित व्यापारी प्रथा होय, हे वस्तीत फार थोड्यांना ठाऊक आहे. मोबाइलवरून पैसे दिले असतील तर ती नोंद जपावी. कार्यकर्त्यांनी उन्हाळ्याच्या तोंडावर हे घरोघर सांगितले पाहिजे.

एक अडचण मात्र कायद्यातच आहे. दोष ठरवण्यासाठी वस्तू प्रयोगशाळेत पाठवायची झाली, तर तपासणीचे शुल्क आधी तक्रारदाराकडून भरून घेता येते. कर्जाने कूलर घेणाऱ्याने ते कोठून आणावे? हे शुल्क प्रथम विक्रेत्याकडून घ्यावे, अशी दुरुस्ती पक्षाने मागितली पाहिजे.